शास्त्रीय संशोधनांतील प्रमाद व त्यांची शुद्धि

जुनीं हस्तलिखितें नित्य हाताळणाऱ्या वाचकांस नकलकारांच्या प्रमादांची ओळख नव्यानें करून देण्याचें प्रयोजन नाहीं. एका ओळीवरची दृष्टि घसरून तशाच शब्दाच्या दुसऱ्या ओळीवर जाते व मधला मजकूर गळतो. समासांत कोणीं लिहिलेली टीप पुढल्या नकलेंत मूळ संहितेंत शिरते. न उमगलेला शब्द एक जण मक्षिकास्थाने मक्षिका या न्यायानें जसाचा तसा उतरतो, तर दुसरा अधिक शहाणा तो सुधारून घेतो आणि मूळ पाठ कायमचा नाहींसा करतो. म्हणूनच एका पोथीवर विसंबूं नये, अनेक पोथ्या ताडून पाहाव्या, आणि त्याज्य ठरलेला पाठहि वाचकांपासून दडवूं नये, अशी शिस्त आपल्या विद्येंत रूढ झाली.

छापखाना आल्यावर हें भय सरलें, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. प्रयोगावर उभारलेल्या शास्त्रांविषयीं तर तो फारच दृढ आहे. इतिहासांत कागद खोटा निघूं शकतो, काव्यांत श्लोक प्रक्षिप्त असूं शकतो; परंतु प्रयोग कोणासहि पुन्हां करून पाहतां येतो, तेव्हां शास्त्रांतील चूक आपोआप गळून पडते, असें म्हटलें जातें. या मताची परीक्षा करण्याचें येथें योजिलें आहे. आमचा सिद्धान्त आरंभींच सांगून ठेवतों. छापील शास्त्रीय लेखांतील चूक हुडकणें हें पुष्कळदां कठीण नसतें. हुडकलेली चूक मूळ लेखाच्या अंगावर नोंदली जाणें कठीण असतें, कारण तें काम कोणाचेंच कर्तव्य म्हणून ठरलेलें नाहीं. जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हा व्यवहार विद्येच्या प्रांतासहि लागू पडतो.

प्रथम निखळ अनवधानाचें उदाहरण घेऊं. त्यांत कपटाचा लेशहि नाहीं. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रें किती, हा प्रश्न केवळ मोजणीचा आहे. अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठाचे थिओफिलस पेंटर यांनीं १९२१ सालीं आपल्या उत्तम नमुन्यांत ४६ गुणसूत्रें दिसतात असें लिहिलें, परंतु ४६ कीं ४८ याचा निर्णय राखून ठेवला. १९२३ सालीं त्यांनीं ४८ च्या बाजूनें निर्णय दिला. त्या काळीं पेशींचे पातळ काप घेऊन त्यांत एकमेकांवर पडलेलीं गुणसूत्रें मोजावीं लागत. तेव्हां चूक होणें स्वाभाविक होतें. अस्वाभाविक तें पुढें घडलें. तीस वर्षांहून अधिक काळ ४८ हाच आंकडा पाठ्यपुस्तकांतून उतरत गेला. १९५२ सालीं टी. सी. स्यू यांस पेशी सौम्य द्रावांत फुगवून गुणसूत्रें सुटीं पाडण्याची युक्ति सांपडली. मोजणी आतां सोपी झाली होती. तरी त्यांनींहि ४८ च लिहिलीं. स्वीडनमधील लुंड येथें मानवी गर्भाच्या यकृतांतील पेशी तपासणाऱ्या अभ्यासकांस वारंवार ४६ च मिळत. उरलेलीं दोन सांपडत नाहींत म्हणून त्यांनीं तें काम तूर्त थांबविलें! अखेर त्याच लुंड येथें ज्यो हिन त्जियो व आल्बर्ट लेव्हान यांनीं १९५५ च्या डिसेंबरांत ४६ ची मोजणी केली व १९५६ सालीं ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं इंग्लंडांत फोर्ड व हॅमर्टन यांच्या तपासणीनें तिला दुजोरा मिळाला.

येथें प्रयोग पुन्हां करून पाहणारे होते. नव्हती ती छापील आंकड्यावर शंका घेण्याची छाती. पेंटर यांचा लेख ही जणूं आदर्शप्रत ठरली, आणि पुढील प्रत्येक सूक्ष्मदर्शकांत पाहणारा नकळत त्या प्रतीची नक्कल करीत राहिला. यांत हानि काय झाली, असें कोणी विचारील. १९५९ सालीं पॅरिस येथील जेरोम लेज्यून व त्यांचे सहकारी यांनीं डाउन या नांवानें ओळखला जाणारा जन्मजात विकार असलेल्या बालकांच्या पेशींत ४७ गुणसूत्रें असतात असें दाखविलें. मूळ संख्या ४६ आहे हें ठाऊक होतें म्हणूनच एक गुणसूत्र अधिक आहे हें कळलें. ज्याच्या मनांत ४८ चा आंकडा रुजला होता त्यास तेथें वाढीऐवजीं तूट दिसली असती, आणि त्या विकाराचें मूळ त्यानें भलतीकडेच शोधलें असतें.

दुसरें उदाहरण वंशावळीचें असल्यामुळें आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाचें वाटेल. जॉन डार्सी नांवाचे अमेरिकन वैद्यक-संशोधक प्रथम एमरी व नंतर हार्वर्ड विद्यापीठांत काम करीत. त्यांची लबाडी १९८१ सालीं उघडकीस आली. त्याच वर्षीं एका अत्यंत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या नांवानें निघालेल्या लेखांत एका कुटुंबांतील हृद्रोगाची परंपरा दाखविणारा वंशवृक्ष होता. त्यांत एका पुरुषाचें वय १७ वर्षें दाखविलें असून त्यास ८, ७, ५ व ४ वर्षांचीं चार अपत्यें दाखविलीं होतीं. म्हणजे हे गृहस्थ वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीं पिता झाले! एखाद्या देशमुखी दफ्तरांतली वंशावळ अशी निघती, तर आमच्यांतील नवशिक्यानेंहि पहिल्याच वाचनांत तिच्यावर लाल खूण केली असती. येथें मात्र ती सहलेखक, परीक्षक व संपादक या सर्वांच्या नजरेखालून सुखरूप बाहेर पडली.

ही व अशा प्रकारच्या इतर विसंगति वॉल्टर स्ट्युअर्ट व नेड फेडर या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील दोघां संशोधकांनीं धुंडाळून काढल्या. डार्सी यांच्याबरोबर ज्यांचीं नांवें छापलीं गेलीं अशा ४७ सहलेखकांचे १०९ लेख त्यांनीं तपासले. त्यासाठीं त्यांस कोणतेंहि गुप्त साधन लागलें नाहीं. छापील लेख लक्षपूर्वक वाचणें एवढेंच त्यांचें साधन होतें. परंतु हें दोषदर्शन छापून निघावयास कित्येक वर्षें लागलीं. अब्रूनुकसानीच्या फिर्यादी होतील या भयानें संपादक मागें सरत राहिले, आणि शेवटीं 'नेचर' या साप्ताहिकांत तें १९८७ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालें. अशक्य वंशवृक्ष छापण्यास कोणाची हरकत आली नव्हती. तो अशक्य आहे हें छापतांना मात्र वकिलांचा सल्ला घ्यावा लागला. चूक करणारास कायद्याचें कवच आणि ती दाखविणारास कायद्याचा धाक, अशी ही उफराटी स्थिति आहे.

धाक नसला तरी श्रम व खर्च आहेतच. याचा उत्तम दाखला डेव्हिड ॲलिसन व त्यांचे तीन सहकारी यांच्या १९१६ नव्हे तर अगदीं अलीकडच्या, म्हणजे २०१६ च्या फेब्रुवारींत 'नेचर'मध्येंच निघालेल्या लेखांत मिळतो. स्थूलतेसंबंधीं निघणारे लेख नियमानें वाचतांना त्यांस गणिताच्या व आंकडेशास्त्राच्या ढोबळ चुका आढळूं लागल्या. सुमारे अठरा महिन्यांत २५ हून अधिक चुकांबाबत त्यांनीं लेखकांस वा संपादकांस पत्रें लिहिलीं. आणखी डझनभर तरी चुका त्यांच्या नजरेस आल्या होत्या. पण हें काम त्यांचा इतका वेळ खाऊं लागलें कीं त्यांस तें थांबवावें लागलें. त्यांनीं सांगितलेली एक गोष्ट तर थक्क करणारी आहे. एका नियतकालिकानें चूक दाखविणारें पत्र छापण्याबद्दल १,७१६ डॉलर शुल्क सांगितलें. त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या नियतकालिकाचें शुल्क सुमारें २,१०० डॉलर होतें. माल खोटा निघाला हें सांगावयास गेलेल्या गिऱ्हाइकाकडूनच दुकानदारानें दंड वसूल करावा, असा हा प्रकार झाला.

संपादकवर्गास आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. त्यांची अडचण वेगळी आहे. ज्यानें लेख स्वीकारला त्याच्यापाशींच तो लेख सदोष असल्याची तक्रार जाते. म्हणजे प्रतिवादीसच न्यायासनावर बसविलें जातें. मूळ लेखक दोष कबूल करील तर त्याच्या पदास व कीर्तीस बाध येतो. परीक्षकाचें नांव गुप्तच असतें. आणि दोष दाखविणारास पदरीं पडतें तें केवळ वैर. नव्या शोधाबद्दल पदवी व पदोन्नति मिळते, जुनी चूक काढल्याबद्दल कांहींच मिळत नाहीं. अशा बाजारांत शुद्धीचें दुर्भिक्ष पडावें यांत नवल तें काय?

आतां जें उदाहरण देत आहों तें संग्राहकांच्या वर्मावर बोट ठेवणारें आहे, व तें आपल्याच देशांतलें आहे. चंदीगड येथील पंजाब विद्यापीठांतील भूशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ हिमालयांतील जीवाश्मांवर शेंकडों लेख लिहिले. देशोदेशींच्या तज्ज्ञांकडे ते नमुने पाठवीत. तज्ज्ञ ते ओळखून त्यांचें वर्णन करीत व सहलेखक होत. नमुना कोणत्या डोंगरांतून, कोणत्या थरांतून आला हें मात्र गुप्ता सांगतील तेंच प्रमाण. ऑस्ट्रेलियांतील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांनीं १९८८ सालीं भारतीय भूशास्त्रज्ञांसह एका विस्तृत निबंधांत, आणि १९८९ च्या एप्रिलांत 'नेचर'मध्यें, या स्थलनिर्देशांची छाननी प्रसिद्ध केली. कोनोडाँट नांवाचे कांहीं सूक्ष्म दंताकृति जीवाश्म अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यांतील ॲम्सडेल क्रीक या प्रसिद्ध स्थळच्या नमुन्यांशीं हुबेहूब जुळत होते. अमोनॉइड जातीचे कांहीं जीवाश्म मोरोक्कोंतील एरफूद येथल्यासारखे होते, आणि एरफूदचे अश्म तर परदेशच्या दुकानांतून विकत मिळतात. गंडकीच्या पात्रांतले आपले शाळिग्राम याच वर्गांतले आहेत, हें येथें आठवावें. हिमालयांत असे अश्म मुळींच नसतात असें नव्हे, म्हणून तर खोटा निर्देश खपून गेला.

गुप्ता यांनीं त्याच साप्ताहिकांत उत्तर देऊन आरोप नाकारले. पुढें विद्यापीठीय चौकशींत त्यांच्यावर दोष शाबीत झाला, तरी ते निवृत्तीपर्यंत आपल्या पदावर राहिले. त्यांच्या पदाचें काय झालें यापेक्षां त्यांच्या लेखांचें काय झालें, हा प्रश्न आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे. येथें वस्तु बनावट नव्हती. वस्तूचें जन्मस्थान बनावट होतें. अस्सल नाणें भलत्याच गांवच्या उत्खननांत सांपडल्याचें लिहावें, अस्सल सनद भलत्याच घराण्याच्या दफ्तरांतली म्हणून छापावी, तसें हें झालें. अशा स्थळीं नमुना कितीहि वेळां तपासला तरी तो खराच ठरतो, आणि अनुमान मात्र प्रत्येक वेळीं खोटें निघतें. त्या स्थलनिर्देशांवरून हिमालयाच्या थरांचीं वयें ठरविलीं गेलीं व प्राचीन भूखंडांविषयीं तर्क बांधले गेले. मग ते तर्क मूळ लेखाचें नांव गाळूनहि इतर ग्रंथांत उतरले. शेंकडों लेख अनेक देशांतल्या अनेक नियतकालिकांत विखुरलेले. प्रत्येकावर शिक्का मारणें हें कोणा एका संपादकाचें काम नव्हतें. ग्रंथालयांतील बांधीव खंडांत ते जसे छापले तसेच उभे आहेत, आणि खंड उघडणाऱ्या विद्यार्थ्यास सावध करणारी एकहि ओळ त्या पानावर नाहीं.

लेख मागें घेण्याची रीत अस्तित्वांत आहे, परंतु तिची गति कशावर अवलंबून असते तें पाहावें. 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानें १९९८ सालीं अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे सहकारी यांचा अवघ्या १२ बालकांवर आधारलेला लेख छापला. त्यावरून गोंवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्र लशीचा स्वमग्नतेशीं संबंध असल्याची हूल उठली. २००४ सालीं दहा सहलेखकांनीं त्या अनुमानापासून अंग काढून घेतलें. तरी लेख मागें घेतला गेला तो २०१० च्या फेब्रुवारींत, म्हणजे बारा वर्षांनीं. मध्यंतरी ब्रिटनमध्यें ती लस घेणाऱ्या बालकांचें प्रमाण घटलें व गोंवराच्या सांथी पुन्हां उद्भवल्या. उलट, त्याच नियतकालिकानें २०२० सालीं २२ मे रोजीं छापलेला, कोरोनाच्या रोग्यांस हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्यासंबंधींचा लेख ४ जून रोजीं मागें घेतला गेला. तेथें तेरा दिवस पुरले. कारण साऱ्या जगाचे डोळे त्या विषयाकडे लागले होते, शंभराहून अधिक विद्वानांनीं जाहीर पत्र लिहिलें होतें, आणि मूळ आंकडे तपासणीसाठीं मागतांच ते देण्यांत आले नाहींत. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. त्वरित शुद्धि अशक्य नाहीं. आणि ती दोषाच्या प्रमाणांत न होतां गलबल्याच्या प्रमाणांत होते. ज्या लेखाकडे दहाच अभ्यासकांचें लक्ष आहे, त्याची शुद्धि कोण करणार?

येथें एक आक्षेप येईल. दोष दाखविण्याची वाट फार सोपी केली, तर मत्सरी व अर्धवट लोक चांगल्या ग्रंथांवरहि चिखल उडवितील. आक्षेप पोकळ नाहीं, व त्याचें एक मासलेवाईक उदाहरणहि आहे. पालकाच्या भाजींत लोह फार असतें हा समज जुन्या जर्मन रसायनज्ञांच्या दशांशचिन्हाच्या चुकीमुळें पसरला, ही कथा पुष्कळांनीं ऐकली असेल. टी. जे. हॅम्ब्लिन यांनीं १९८१ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत ती आधार न देतां सांगितली, आणि शास्त्रांतील निष्काळजीपणाचा नमुना म्हणून विद्वान् ती एकमेकांच्या लेखांवरून उतरूं लागले. पुढें माइक सटन यांनीं २०१० सालीं मूळ साधनें शोधलीं, तेव्हां दशांशचिन्हाच्या कथेला आधारच सांपडला नाहीं. २०१४ सालीं ओले ब्योर्न रेकडाल यांनीं ही कथा एका लेखांतून दुसऱ्या लेखांत कशी वाहत गेली याचें सविस्तर विवेचन केलें. निष्काळजीपणाची निंदा करणारेच मूळ न पाहतां लिहीत होते! तात्पर्य, शुद्धिकारासहि प्रमाण दिल्यावांचून सोडतां कामा नये. परंतु यावरून शुद्धीचें दार बंद ठेवावें असें निष्पन्न होत नाहीं. दारावर चांगला पारखी बसवावा, एवढेंच होतें.

या बाबतींत शास्त्रज्ञांनीं आमच्या विद्येपासून कांहीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तींत जो पाठ सोडला तो त्याच पानाच्या तळाशीं, कोणत्या पोथींत आहे या खुणेसह, छापला आहे. व्यासांचा लेखक म्हणून गणपतीची योजना झाल्याची सर्वतोमुखीं असलेली कथा संहितेंतून काढली. पण ती जाळून टाकली नाहीं, आदिपर्वाच्या परिशिष्टांत ठेवली. ज्यास सुकथनकरांचा निर्णय पटत नसेल त्यास तो तेथल्या तेथें तपासतां येतो. शुद्धि मूळ पाठाच्या शेजारीं असावी, तिचें प्रमाण तिच्यासोबत असावें, आणि टाकलेलेंहि दिसावें, हीं तीन सूत्रें एवढ्यावरून निघतात. शास्त्रीय नियतकालिकांत बहुधा याच्या उलट चालतें. चूक १९९८ च्या खंडांत, तिचा निषेध २०१० च्या खंडांत. आणि पहिल्या खंडाच्या वाचकास दुसऱ्याची वार्ताहि नसते.

अलीकडे या दिशेनें कांहीं पाउलें पडलीं आहेत, हें न सांगणें अन्यायाचें होईल. मागें घेतलेल्या लेखांची वार्ता देणारें 'रिट्रॅक्शन वॉच' हें प्रकाशन २०१० सालीं दोघां पत्रकारांनीं सुरू केलें. त्यांनीं जमविलेली सूचि २०२३ सालीं 'क्रॉसरेफ' या संस्थेनें घेऊन सर्वांस खुली केली. हें काम विद्यापीठांनीं वा अकादमींनीं आरंभिलें नाहीं, दोघां पत्रकारांनीं आरंभिलें, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पण ती सूचि मुख्यतः समूळ मागें घेतलेल्या लेखांची आहे. ज्या लेखांतील एकच कोष्टक चुकलें, एकच स्थलनिर्देश खोटा आहे, त्याची दाद तेथें लागत नाहीं. आणि आम्हांस रोज भेटणाऱ्या चुका याच जातीच्या असतात. त्यांसाठीं प्रत्येक नियतकालिकानें मूळ संपादकाहून निराळा असा शुद्धि-संपादक नेमावा, तक्रारीचा निर्णय ठरल्या मुदतींत द्यावा, आणि शुद्धि पाठविणाराकडून एक कवडीहि घेऊं नये. शुद्धिकाराचें नांव मात्र मूळ लेखकाच्या नांवाखालीं छापावें. श्रमाचा तेवढा मोबदला त्यास मिळालाच पाहिजे.

परोपदेश करतांना आपलें घरहि पाहावें. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली, तींत शिवजन्माची तिथि शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी मिळाली. त्यापूर्वी शके १५४९ चा वैशाख धरण्याची रूढि होती. नवें साधन इतकें ठळक असतां, वाद दोन्ही बाजूंनीं सप्रमाण छापला गेला असतां, त्या तिथीस शासनाची मान्यता मिळण्यास विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. शिवजन्माच्या तिथीची ही कथा. मग एखाद्या आडगांवच्या शिलालेखाच्या वाचनाची, किंवा एखाद्या पत्राच्या चुकलेल्या तारखेची काय कथा असेल याची कल्पना करावी. आमच्याहि त्रैमासिकांतून शुद्धिपत्र अंकाच्या अगदीं शेवटीं, जाहिरातींच्या शेजारीं, बारीक अक्षरांत छापण्याची प्रथा आहे, व खंड बांधतांना तें पान पुष्कळदां गळून जातें.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. संग्राहकांनीं आपल्या पदरच्या छापील साधनग्रंथांत, जेथें चूक सिद्ध झाली असेल तेथें, त्याच पानाच्या समासांत शुद्ध पाठ, त्याचें प्रमाण व नोंद केल्याचा दिनांक पेन्सिलीनें लिहून ठेवावा. मूळ छापील अक्षर खोडूं नये. पुढल्यास आपला निर्णय तपासण्याची सोय असली पाहिजे. आणि मंडळाच्या चालकांनीं यापुढें वार्षिक विषयसूचि तयार करतांना प्रत्येक लेखाच्या नोंदीखालींच त्या लेखाची शुद्धि कोणत्या अंकांत, कोणत्या पानावर निघाली हें छापावें. यास फार तर दोन पानें अधिक लागतील. मागील खंडांची अशी सूचि करण्याचें काम एका इसमास झेपणारें नाहीं. परंतु एकेका सभासदानें एकेक खंड वांटून घेतल्यास तें एका वर्षांत उरकेल असा आमचा अंदाज आहे, व त्यांतील पहिला खंड आम्ही आपल्याकडे घेण्यास सिद्ध आहों.